उजवी बाजू तिप्पण्णाची

नागम्मानं नातवाला पहिल्यांदा हातात घेतलं ते उकिरड्यावर टाकायला.

लेकराचं अंग अजून ओलं होतं. सुपात जुन्या धडप्याची घडी, घडीवर ते इवलंसं लाल गाठोडं, आणि परसातल्या उकिरड्यावर सकाळचं कोवळं ऊन. बाळंतिणीच्या बाजेवरून शरणम्माला दारातून सगळं दिसत होतं. सासूनं सूप खाली ठेवलं आणि केर टाकून बाई फिरते तशी ती मागं न बघता फिरली. मागं बघितलं की यमाला कळतं, हे माणसाचं लेकरू आहे.

शरणम्माची तीन गेली होती. पहिलं पाचव्या महिन्यातच गेलं. दुसरं दिवस भरून आलं, पण मेलेलं, आणि त्याच्या अंगाची साल भाजल्या वांग्यासारखी हाताला येत होती. तिसरं रडलं. तेवढंच. पाचवी पुजायच्या आत त्याला माती दिली. तामलवाडीत मग बायका तिच्या नजरेसमोरून आपली पोरं झाकून न्यायला लागल्या. सासू म्हणायची, "हिच्या कुशीत आग हाय." शरणम्माही तेच समजायची. चुलीपुढं बसली की तिला वाटायचं, बाहेर एक विस्तव आणि आत एक, आणि दोन्हींवर आपणच राख ओढायची.

म्हणून हे चौथं उकिरड्यावर. ज्या घरात लेकरू जगत नाही तिथलं टाकून द्यायचं, जिची पोरं जगतात तिनं ते उचलायचं, आपला थान त्याच्या तोंडात द्यायचा, आणि मग आईनं सूपभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं. कोंड्याच्या मोलाचं लेकरू यम कशाला नेईल? नागम्माचं माहेर आळंदकडचं. कानडीत उकिरड्याला तिप्पे म्हणतात, तेव्हा पोराचं नावही आधीच ठरलं होतं. तिप्पण्णा.

कुडाच्या पलीकडून धुरपदाबाई आली. तिची पाच पोरं, पाचही ठणठणीत, आणि सगळ्यात धाकटी कस्तुरा अजून अंगावर पिणारी.

"कुणाचं गं बाई हे? कुणी टाकलं केरात?" ती ठरल्याप्रमाणं मोठ्यानं म्हणाली.

"कुणाचं न्हाय. केरच हाय," नागम्मा आतून म्हणाली.

"मंग म्या नेते."

ती तिथंच दगडावर बसली आणि लेकराला पदराखाली घेतलं. ते ओढायचं, सोडायचं, पुन्हा धडपडून धरायचं. नाक चोंदलेलं होतं त्याचं.

"नाक लई वाजतंय गं याचं, डुकराच्या पिलावानी," धुरपदा हसली. "शरणे, ऐकू येतंय का? जगतंय बग तुझं. एवढा आवाज करणारं मरत न्हाय."

शरणम्मानं बाजेच्या सुंभात तोंड खुपसलं आणि रडून घेतलं. चार बाळंतपणांत पहिल्यांदा तिला आनंदानं रडायला मिळालं होतं.

खरं तर एकदा पाजून भागायचं. पण शरणम्माला ताप भरला आणि दूध काही उतरेना. मग सकाळ-संध्याकाळ तिप्पण्णाला धुरपदाकडं नेऊ लागले. धुरपदानं आपल्या अंगाची वाटणी केली. उजवी बाजू तिप्पण्णाची, डावी कस्तुराची. "भांडणं नगंत पुढं बहीण-भावात," ती म्हणायची. पहाटे जात्यावर बसली की खुंट्याच्या घरघरीवर तिचा गळा लागायचा आणि कुडाच्या अलीकडं शरणम्मा उशीवरून ऐकायची:

उजवा पान्हा तिप्पण्णाला, डावा माझ्या कस्तुराला
दोन पाट एका इहिरीचे, कुणी निवडावं पाण्याला

शरणम्माचा नवरा गुरुलिंग करडई आणि तिळाचा व्यापारी. गाड्या भरून सोलापूरच्या बाजारात न्यायचा. सोबतीला असायचा त्याचा मामा माणिकप्पा, बोलका, खर्चिक माणूस. लग्नाच्या पहिल्याच वर्षी अशाच एका खेपेवरून गुरुलिंग आला तो गप्प गप्प. कुणाला न सांगता एका वैदूकडून त्यानं पाऱ्याचा रसकापूर आणला आणि दाताला लागू नये म्हणून मनुकेत घालून गिळत राहिला. हिरड्या सुजून काळ्या पडल्या, तोंडातून लाळ गळू लागली. पण त्याच्या नाजूक जागेवर जो कडक, न दुखणारा फोड आला होता, तो निघून गेला. गुरुलिंगानं सिद्धरामेश्वराला नारळ फोडला आणि मोकळा झाला.

त्यानंतर काही महिन्यांनी शरणम्माच्या अंगावर तांबूस डाग उठले. पाठीवर, पोटावर, अगदी तळहाता-तळपायांनासुद्धा. खाज नाही, आग नाही. घसा तेवढा धरला होता. नागम्मा म्हणाली, अम्मा आल्यात, देवी. लिंबाचा पाला अंथरला, दहीभात केला, घरात फोडणी बंद. डाग गेले. डोक्याचे केस चाई लागल्यासारखे ठिकठिकाणी झडले, तेही पुन्हा आले. अम्मा शांत झाल्या म्हणून नागम्मानं सवाष्णी जेवू घातल्या. त्या घरात रोग दोनदा आला आणि दोनदा आपल्या पायानं निघून गेला, आणि दोन्ही वेळा त्याला देवाच्या नावानं निरोप दिला गेला.

पावसाळ्याच्या मध्याला तिप्पण्णाच्या नाकातून पाण्यासोबत रक्त यायला लागलं. ओठांचे कोपरे चिरले. एका सकाळी त्याला तेल लावताना शरणम्माच्या बोटांना पातळ पापुद्रा लागला. तळपायाची साल निघत होती. तिनं हात मागं घेतला. ही साल तिच्या बोटांच्या ओळखीची होती.

"सोलापूरच्या डॉक्टरला दावायचंय," ती नवऱ्याला म्हणाली.

"इथं काय औषध न्हाय व्हय?" नागम्मा म्हणाली. "उकिरड्यावरून आणलेलं हाय त्ये. गाजावाजा करशील तर यम इचारत यील."

"न्हेत नसाल तर म्या चालत जाते. पदरात बांधून."

शरणम्मा त्या घरात आजवर अशी बोलली नव्हती. गुरुलिंगानं गाडी जुंपली.

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी लेकराचे पाय उजेडात धरले, तोंडात बघितलं, मग शरणम्माला आधीच्या बाळंतपणांचं विचारलं, आणि गुरुलिंगाला म्हणाले, "तोंड उघडा." काळ्या हिरड्या पाहून त्यांनी मान हलवली. दार लावून घेतलं. तिघांचं रक्त काढलं.

"हे पुण्याला तपासायला जाईल. पण मला दिसतंय ते सांगतो. ही गरमी आहे. उन्हाची नव्हे, मिरचीची नव्हे, आणि शापाची तर मुळीच नव्हे. एक जंतू असतो, डोळ्याला न दिसणारा, पीळ घातलेल्या सुतासारखा. ज्याच्या अंगात आहे त्याच्याशी संग केला की नाजूक कातडीतून दुसऱ्यात शिरतो. शिरतो तिथं फोड येतो. दुखत नाही, म्हणून माणूस घाबरत नाही. आणि तो आपोआप बरा होतो."

"रसकापुरानं बरा झाला व्हता," गुरुलिंग खाली बघून म्हणाला.

"काही न घेता झाला असता. तोच ह्या रोगाचा डाव आहे. वर मिटतो, आत पसरतो. मग अंगभर डाग येतात, केस झडतात, घसा येतो. तेव्हा तो दुसऱ्याला सगळ्यात जास्त लागतो. तेही जातं. मग कितीतरी वर्षं काहीच नाही. माणूस म्हणतो, सुटलो. आत वाळवी चालूच असते. कुणाचं नाक बसतं. कुणाच्या काळजाजवळची मोठी नस फुगते. कुणाला पायाखालची जमीन कळत नाही, पाय आपटत चालतो. कुणी बरळायला लागतो."

शरणम्माला माणिकप्पा मामा आठवला. त्याचं मधेच खचलेलं नाक, आणि अंगणातून येताना धप् धप् पडणारे पाय. पोरं त्याला 'हत्ती आला' म्हणून चिडवायची आणि तोही हसायचा.

"आणि लेकराला?" तिनं विचारलं.

"आईच्या पोटातच जातो. नाळेतून. म्हणून तुमची आधीची तीन गेली."

"म्हंजे माझ्या कुशीत आग न्हवती?"

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं. "आग आणून टाकली, बाई. तुमची नव्हती ती."

इतक्या वर्षांचं एक ओझं खाली उतरलं होतं, आणि उतरताना कुणाच्या तरी पायावर पडणार होतं.

औषध होतं. दंडाच्या शिरेत एक सुई, कमरेत एक, दर आठवड्याला, वर्षाच्या वर. एकही खेप चुकवायची नाही. लढाईत निघालेलं एक नवीन औषध मुंबईकडं मिळतं म्हणे, इथं अजून आलं नव्हतं. लेकराचा भरवसा डॉक्टरांनी दिला नाही.

"याला अंगावर आईनंच पाजायचं," ते शेवटी म्हणाले. "तिला त्याच्यापासून नवीन काही व्हायचं नाही. पण दुसऱ्या बाईचं दूध नको. याच्या तोंडातल्या फोडांतून तिच्या थानाला लागेल. पाजलं नाही ना कुणी?"

"न्हाय," गुरुलिंग म्हणाला.

शब्द इतका पटकन आला की शरणम्माचं तोंड उघडायच्या आत तो खोलीत बसून गेला. ती नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. डॉक्टरांनी हात धुवायला घेतले.

परतीला गाडी सोलापूरच्या बाहेर पडली.

"एकदाच गेलो व्हतो," गुरुलिंग म्हणाला. "मामानं नेलं."

"धुरपदाक्काला सांगाया पायजे."

"काय सांगणार? अन् तिचा नवरा, बब्रुवान, काय म्हणंल? त्यो म्हणंल, बाईनं कुठंतरी शेण खाल्लं. हाकलून दील तिला. सांगून तू तिचाच संसार मोडशील." मग तो हळू आवाजात म्हणाला, "अन् आपली इज्जत? पेठंत कोण उभं करंल? आईला तर इहीरच जवळ."

त्यानं बैलावर चाबूक उगारला आणि न मारताच खाली घेतला. शरणम्मानं लेकराच्या तोंडावर पदर ओढला. नवरा खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. बब्रुवान तसं म्हणू शकत होता.

तिनं मनाशी तोड काढली. पाजणं बंद करायचं. बंद केलं की झालं. एव्हाना तिचं दूधही थोडं थोडं उतरू लागलं होतं. तिनं निरोप पाठवला, आता घरचंच पुरतंय. पोळा आला तेव्हा पुरणपोळ्यांचं ताट घेऊन ती स्वतः धुरपदाकडं गेली, कस्तुराचा गाल कुरवाळला, हसली आणि आली. दर आठवड्याला करडईच्या गाडीतून ती आणि लेकरू सोलापूरला जायची. सासूला सांगितलं होतं, छातीचा विकार हाय. गुरुलिंग दोन खेपा गेला आणि मग म्हणाला, मला काय होतंय?

घटस्थापना जवळ आली तसं नागम्मानं ठरवलं की तिप्पण्णाला आता रीतसर विकत घ्यावं. जंगमस्वामींनी येऊन लिंगायतांच्या रीतीनं लेकराच्या गळ्यात लिंग बांधलं. दुसऱ्या दिवशी सूपभर कोंडा आणि खण घेऊन शरणम्मा कुडाच्या पलीकडं गेली. लेकरू तिच्या काखेत होतं.

धुरपदा ओसरीवर कस्तुराला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सुपाकडं बघितलंच नाही.

"आलीस व्हय? म्या म्हणलं, लिंग बांधलं तवा आता मराठ्याचं दूध इटाळलं असंल."

"अक्का, तसं न्हाय ओ."

"मंग कसं? गरज व्हती तवर धुरपदा, अन् लिंग बांधलं की कोंडा." बोलता बोलता तिचा राग आपोआप खाली बसला. तिला फार वेळ रागावता यायचं नाही. "आण इकडं. किती वाळलंय गं त्ये. अन् तुझं पोरगं जाता जाता मला काय देऊन गेलंय, बघितलंस का?"

तिनं चोळीची गाठ सैल केली. उजव्या थानाच्या टोकाजवळ एक फोड होता. तांबूस, काठ कडक, मध्ये ओलसर.

"दात न्हाईत न्हायतर म्हणलं असतं, चावलाय गुलाम." ती हसली. "दुखत कायच न्हाय बग. दाबलं तरी न्हाय. आता सुकत आलाय. ह्या बाजूचं दूध उगं ठणकाय लागलं, अन् हिला एका बाजूनं भागत न्हाय. चल गं कस्तुरे, तुझा भाऊ मोठा झाला. आता दोनी बाजू तुझ्याच."

तिनं मुलीला उजवीकडं वळवलं. कस्तुरानं तोंड उघडलं.

सूप खाली पडलं. कोंडा ओसरीभर झाला. शरणम्माचा तळहात मुलीच्या तोंडाच्या आणि त्या फोडाच्या मध्ये होता, आणि कस्तुरा तिच्या बोटांना ओढायला बघत होती.

"नगं अक्का. पाजू नगंस. गरमी हाय ती."

मग तिनं सगळं सांगितलं. बाजार, फोड, डाग, तीन लेकरं, डॉक्टरांचा प्रश्न, नवऱ्याचं उत्तर. सांगताना तिनं हात काढला नाही.

धुरपदानं चोळीची गाठ पुन्हा बांधली. एकावर एक, दोन गाठी.

"तुला कवा कळलं?"

"सोलापूरला नेलं तवाच."

"म्हंजे पोळ्याच्या आदी."

"व्हय."

"अन् पोळ्याला तू माझ्या घरी पोळ्या घेऊन आलीस."

शरणम्मानं लेकराला काखेतून खांद्यावर घेतलं.

"हिला ह्या बाजूला घेतली न्हाय म्या अजून," धुरपदा स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "तुझ्या लेकराचं म्हणून ठिवलं व्हतं. सवयीनं." मग तिनं मान वर केली. "मालक दुपारला रानातून येतील. त्यांना तू सांगायचं. म्या सांगितलं तर कोण खरं मानंल? इथंच बस."

शरणम्मा तिथंच बसली. कोंडा कुणीच गोळा केला नाही.

बब्रुवान आला, पाय धुतले, आणि दोघींची तोंडं बघून उभाच राहिला. शरणम्मा उठली. दाजीपुढं तिनं कधी मान वर केली नव्हती. आज केली.

"दाजी, तुमच्या बायकोला रोग झालाय. त्यो माझ्या घरातून आलाय. माझ्या लेकराच्या तोंडातून. तिचा काय दोष न्हाय."

आवाज कुडाच्या पार गेला. नागम्मा आली, मागून गुरुलिंग धावत आला. आजूबाजूच्या दारांत बायका उभ्या राहिल्या.

"बाळंतवारं झालंय तिला," गुरुलिंग धापा टाकत म्हणाला. "कायबी बरळतीया. बब्रुवानराव, मनावर घिऊ नगा. चल गं घरी."

बब्रुवान शेतकरी माणूस, बोलायला सावकाश. त्यानं तिप्पण्णाचं पाऊल हातात धरून उलटं केलं, सोललेली साल बघितली. मग आपल्या बायकोकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते धुरपदालाच कळलं असेल. ती भिंतीला टेकली.

"अप्पा," तो गुरुलिंगाला म्हणाला, "माझ्या घराचा प्रश्न हाय. तुमची बाई खोटं बोलत असंल, तर तुमच्या गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणा. म्या मानतो. मंग माझं माझ्या बायकोसंगं बगतो."

गुरुलिंगाचा हात वर गेला. सदऱ्याच्या आत, छातीवर, चांदीच्या इवल्या डबीत, करडीत, त्याचं लिंग होतं, जन्मल्यापासून अंगावरचं. बोटं सदऱ्याच्या काठापर्यंत गेली. सगळे बघत होते. बाजारात वजनाला खोटं बोलणारा, घरात खोटं बोलणारा, डॉक्टरपुढं खोटं बोलणारा तो माणूस; त्याची बोटं तिथंच थांबली आणि रिकामी खाली आली.

नागम्मा उकिडवी बसली. तिनं आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं, ज्या हातांनी तिनं सूप उचललं होतं. "यव्वा," ती म्हणाली. तेवढंच.

त्या दिवसापासून नागम्मानं शरणम्माला चुलीपाशी येऊ दिलं नाही. गुरुलिंग माणिकप्पाकडं जाऊन राहिला. पेठेत त्याच्या गाडीला कुणी गाडी लावेना. बब्रुवाननं बायकोला हाकललं नाही; पण दसऱ्यालाही तिच्याशी शब्द बोलला नाही. त्यानं फक्त गाडी जुंपली आणि कुडावरून म्हणाला, "शरणम्मांनाबी चला म्हणावं. डॉक्टरपुढं खरं सांगाया."

डॉक्टरांनी धुरपदाचा फोड बघितला, बब्रुवानचं आणि कस्तुराचंही रक्त घेतलं. मुलगी सध्या नितळ दिसत होती. पुन्हा पुन्हा बघावं लागणार होतं. धुरपदाला सुया सुरू झाल्या. आणि मुलीला अंगावर पाजायचं नाही, डावीकडंही नाही; शेळीचं दूध उकळून, पाणी घालून, वाटीचमच्यानं. कस्तुरानं चमचा थुंकून टाकला.

परत येताना, सोलापूरची हद्द संपून निजामाचं राज्य सुरू होतं त्या सरहदीच्या नाक्यावर जवानानं गाडी अडवली. गाठोडी उसकटली, औषधाच्या बाटल्या उजेडात धरून बघितल्या, मग पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन बायकांकडं बोट केलं.

"ये दोनों कौन? बहनें क्या?"

बब्रुवान बैलांकडं बघत राहिला.

"न्हाय," धुरपदा म्हणाली. "एका गावच्या हाव."

गाडी निघाली. कस्तुरा भुकेनं किंचाळत होती, आणि धुरपदानं तिला पाठमोरी, छातीपासून लांब धरली होती. लेकीच्या रडण्यानं तिचा पान्हा फुटला होता; चोळी दोन्हीकडून भिजली होती आणि ओल हळूहळू पोटावर उतरत होती. ती पुसत नव्हती.

तिच्या पाठीमागं शरणम्माच्या पदराखाली तिप्पण्णा पीत होता. त्याला परवानगी होती. चोंदल्या नाकानं श्वास घेत, मध्येच सोडत, पुन्हा धरत तो मोठ्यानं ओढत होता, आणि रस्त्यावर दुसरा काही आवाज नव्हता. शरणम्मानं पदर दुहेरी केला. तरी ऐकू येतच होतं.